विसरलेला घास
स्मृतिभ्रंशाच्या साहित्यात ताट कोठे आहे?

स्मृतिभ्रंशावरील कथा, आत्मकथने व चित्रपट पाहिले की एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. या सर्व कलाकृती नावाभोवती फिरतात. बाप लेकीचे नाव विसरतो, पत्नी पतीला परका समजते, पंडिताला आपलीच विद्या आठवेनाशी होते. हे दुःख खरे आहे व ते कलेला मानवणारेही आहे, कारण त्यात संवाद आहे, नाट्य आहे. परंतु ज्या घरात हा आजार प्रत्यक्ष नांदतो त्या घरातील माणसांना विचारावे. ते नावाविषयी एकदा बोलतील आणि ताटाविषयी दहादा बोलतील. आज सकाळी किती खाल्ले, घास तोंडात धरून किती वेळ बसले, सदरा खांद्यावरून कसा ओघळू लागला, लग्नातली अंगठी बोटातून कशी निसटली, याच त्यांच्या दिवसाच्या नोंदी असतात. साहित्याने या नोंदींकडे कितपत लक्ष दिले आहे, हे या लेखात तपासून पाहावे असे आम्हांला वाटते.

प्रश्न थोडक्या घरांचा नाही. भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींची एक मोठी राष्ट्रीय पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे या वयातील 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याला आपल्यापैकी बहुतेक जण अजून नगरच म्हणतात, मुले पुण्याला वा मुंबईला नोकरीस आणि गावी दोघेच म्हातारे अशी घरे प्रत्येक धर्मग्रामात आहेत. तेथे शुश्रूषा करणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका नव्हे, सूनही नव्हे. ती सत्तरीतली पत्नी असते किंवा पंचाहत्तरीतला पती असतो.

या आजाराच्या पहिल्या नोंदीतच जेवणाचे ताट आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात नोव्हेंबर 1901 मध्ये ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा पती रेल्वेत कारकून होता; घरी सांभाळणे अशक्य झाले तेव्हा त्याने तिला आणले. डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले बोलणे लिहून ठेवले. दुपारच्या जेवणात तिच्यापुढे फुलकोबी व डुकराचे मांस होते; काय खात आहात असे विचारल्यावर तिने पालक असे सांगितले. ती 8 एप्रिल 1906 रोजी मरण पावली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमर यांनी तिची हकीकत वैद्यांच्या सभेत मांडली. मूळ कागदपत्रे पुढे हरवली व 1995 साली फ्रँकफुर्टलाच सापडली. विज्ञानाने त्या हकीकतीतून मेंदूतील गाठी व गुंते उचलले, ते योग्यच झाले. परंतु ताटात एक आहे आणि जिभेवर दुसरेच नाव आहे, हे चित्र साहित्यिकाने उचलावयास हवे होते. त्या कारकुनाच्या घरी त्यापूर्वीची जेवणे कशी झाली असतील, याचा वृत्तान्त कोणी लिहिला नाही.

रोग्याचे वजन का उतरते, याची कारणे वैद्यकाला बऱ्याच अंशी माहीत आहेत. भूक लागल्याची जाणीव मंदावते. वास आणि चव हरपतात. समोरचे अन्न हे अन्न आहे हे उमगत नाही. घास तोंडात गेल्यावर चावणे व गिळणे यांचा क्रम विसरला जातो. कोणी दिवसभर घरात येरझाऱ्या घालतो व खाल्लेले सारे खर्ची पडते. स्मृतीसाठी दिली जाणारी काही औषधेही भूक मारतात. कधी कारण अगदी साधे असते, जसे सैल झालेली कवळी, दुखरी दाढ, मलावरोध किंवा मनाची उदासी. कधी मधुमेह, थायरॉइड वा क्षय लपलेला असतो. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरले तर डॉक्टरांना दाखवावे असा संकेत आहे. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत म्हणजे महिन्यात तीन किलो. कित्येकदा तर वजनाची ही उतरण निदान होण्याच्या आधीच सुरू झालेली असते.

परंतु समाजाला एवढी कारणे माहीत नसतात. आपल्या बोलीत वजन उतरण्यासाठी जे शब्द आहेत ते पाहावेत. माणूस ‘वाळतो’, ‘खंगतो’, ‘अंगी लागत नाही’. आणि या शब्दांच्या मागोमाग एक प्रश्न उंबरठ्यावर येतो: घरात खायला घालत नाहीत की काय? प्रार्थनेहून परतताना, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतेही. पण ज्या पत्नीने तासभर बसून चार घास भरवलेले असतात तिला तो आरोप वाटतो, कारण आपल्याकडे नवऱ्याचे अंग हे बायकोच्या हाताचे प्रमाणपत्र मानले गेले आहे. तिच्या स्वतःच्या वजनाकडे कोणी पाहात नाही. नवऱ्याचे जेवण संपेपर्यंत तिची भाकरी वातड होते, आणि मग उरलेसुरले ती उभ्याउभ्या खाते. उलट प्रसंगी, पत्नीच विसरू लागली तर, जन्मभर चुलीपुढे न बसलेल्या पुरुषाला कणीक किती मऊ असावी हे म्हातारपणी शिकावे लागते. या दोन्ही चित्रांत एका मोठ्या कादंबरीचा ऐवज आहे.

आता कलाकृतींकडे वळू. मराठीत या विषयावरची सर्वांत गंभीर कृती म्हणून सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाचे नाव घ्यावे लागेल. 2013 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत भावे यांना संवादांसाठी व अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीसाठी गौरविण्यात आले. चित्रगृहांत तो 2016 मध्ये आला. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे पंडित. हत्ती पाहून ते त्याच्यामागे निघून जातात व हरवतात. मुलगी इरा त्यांना शोधते. मध्यंतरी माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला सांभाळते, आणि ते तिला आई मानू लागतात. विद्वान मूल होतो व निरक्षर स्त्री त्याची माता होते, ही कल्पना अत्यंत सुंदर आहे. आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्यामुळे अभिनयात आजाराचे विडंबन कोठेही डोकावत नाही.

या चित्रपटाविषयी आदर बाळगून आम्हांला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी की, येथे शुश्रूषेच्या केंद्रस्थानी मुलगी आहे, जोडीदार नाही. मुलगी वडिलांपासून निघून जाऊ शकते, परत येऊ शकते, तिला स्वतःचा संसार आहे. म्हणून तिच्या मनात द्वंद्व उभे राहते. पती-पत्नीच्या बाबतीत निघून जाण्याची ती जागाच नसते, आणि त्यामुळे द्वंद्वाची जातही निराळी असते. दुसरी गोष्ट काळाची. हरवण्यापासून सापडण्यापर्यंतच्या थोड्या अवधीत कथा घडते. एवढ्या अवधीत माया प्रकट होऊ शकते. वजन उतरू शकत नाही. चन्नम्माची माया निर्मळ आहे याचे एक कारण असे की ती थोड्या वेळापुरती आहे. तीच माया सहाशेव्या दिवशी, तोंडातला वरणभात बाहेर थुंकला गेल्यावर कशी टिकते, हा प्रश्न ‘अस्तु’ विचारीत नाही. तो तिचा विषय नव्हता हे मान्य. परंतु मराठीत दुसऱ्या कोणीही तो विषय हाती घेतलेला आमच्या पाहण्यात नाही.

परदेशी साहित्यात मात्र एका कथेने हा प्रश्न कथेच्या बिजागरीवरच ठेवला आहे. कॅनडाच्या लेखिका ॲलिस मन्रो यांना 2013 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची ‘द बेअर केम ओव्हर द माउंटन’ ही कथा 1999 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, आणि 2006 मध्ये सारा पॉली यांनी तीवर ‘अवे फ्रॉम हर’ हा चित्रपट काढला. ग्रँट हा निवृत्त प्राध्यापक. त्याची पत्नी फिओना विसरू लागते व शुश्रूषागृहात राहावयास जाते. तेथे ती ऑब्रे नावाच्या दुसऱ्या रुग्णात गुंतते आणि नवऱ्याशी ती एखाद्या पाहुण्याशी वागावे तसे वागते. पुढे ऑब्रेची पत्नी त्याला घरी घेऊन जाते. फिओना रडते, अंथरूण धरते, खाणे टाकते. तिचे पाय दुबळे होतात. ती अशीच खालावत राहिली तर तिला अंथरुणाला खिळलेल्यांच्या वरच्या मजल्यावर हलवावे लागेल, असे ग्रँटला सांगितले जाते. मग हा नवरा काय करतो? तो ऑब्रेच्या घरी जातो आणि त्या मनुष्याला आपल्या बायकोच्या भेटीस आणण्याची खटपट करतो.

ख्रिस्ती कुटुंबातील वाचकाला हे प्रथम अवघड वाटेल, आणि वाटावे. पण कथेचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. ग्रँटने तरुणपणी फिओनाशी प्रतारणा केलेली आहे. आता ज्या दुःखाची चव त्याने तिला दिली तीच त्याच्या वाट्याला आली आहे, आणि तरीही तिच्या शरीराने अन्न घ्यावे म्हणून तो आपला अभिमान गिळतो. घास तिच्या पोटात जावा यासाठी त्याने गिळलेली ही गोष्ट म्हणजे या कथेतील खरे प्रायश्चित्त होय. त्याचे हेतू सर्वस्वी शुद्ध नाहीत हेही मन्रो लपवीत नाहीत. ऑब्रेच्या पत्नीशी तो जे वागतो त्यात जुना ग्रँट डोकावतोच. परंतु एवढे निश्चित की, जोडीदाराचे खालावणे ही येथे पार्श्वभूमी नसून कथेला पुढे नेणारी शक्ती आहे. शिवाय न खाण्यामागे मनाचे दुःख असू शकते, रोगी विसरतो तरी शोक करू शकतो, ही गोष्ट मन्रो यांनी एकाही उपदेशपर वाक्यावाचून पटवून दिली आहे.

तिसरी कृती मिखाएल हानेके यांचा ‘आमूर’ हा 2012 चा फ्रेंच चित्रपट. त्याला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान व पुढील वर्षी ऑस्कर पुरस्कार मिळाला. झॉर्झ व आन हे ऐंशी ओलांडलेले, संगीत शिकवण्यात आयुष्य घालवलेले दांपत्य. आनचा आजार अल्झायमरचा नव्हे, तो पक्षाघाताचा आहे; परंतु तिची वाचा व भान क्रमाक्रमाने जाते आणि प्रश्न तोच उभा राहतो. एका प्रसंगी झॉर्झ तिला पाणी पाजू पाहतो. ती ओठ मिटून घेते. पाणी तोंडात घेऊन थुंकते. आणि तो तिच्या गालावर चापट मारतो. आमच्या मते या विषयावरचे याहून प्रामाणिक दृश्य पडद्यावर क्वचितच आले असेल. तो दुष्ट नाही. तो तिच्यावर प्रेम करतो, ती मरेल या भयाने तो वेडापिसा झाला आहे, आणि तिचा नकार त्याला आपल्या प्रेमाचा नकार वाटतो. ज्यांनी कधी भरवले आहे ते या दृश्यापुढे न्यायाधीश होऊन बसणार नाहीत.

शेवटी मात्र झॉर्झ उशीने तिचा श्वास कोंडतो. येथे कलेची व विवेकाची वाट वेगळी होते असे कोणी म्हणेल. आम्ही असे म्हणू की, चित्रपट स्वतःच या शेवटाचे कारण दाखवीत आला आहे, आणि ते कारण केवळ तिची वेदना नव्हे. ते कारण बंद दार आहे. आलेल्या मुलीला खोलीत जाऊ न देणे, परिचारिकेला काढून टाकणे, शेजाऱ्यांशी जुजबी बोलणे, अशी एकेक कडी झॉर्झ लावीत जातो. चित्रपटाची सुरुवातही दार फोडून आत शिरणाऱ्या लोकांपासूनच होते. ते लोक उशिरा आले, एवढेच. त्या कृत्याला आपण प्रेम म्हणू शकत नाही. परंतु ते दार बाहेरूनही कोणी वेळेवर ठोठावले नाही, हेही आपण विसरू नये.

आता नगरच्या भूमीकडे येऊ. नगर-राहुरीच्या परिसरात ज्यांच्या संसाराचा मोठा काळ गेला त्या लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या वर्षांत प्रसिद्ध झाले. त्यात स्मृतिभ्रंश नाही. परंतु एका लहरी माणसाबरोबर घर चालवणे म्हणजे काय, याचे मराठीतील सर्वोत्तम लेखन त्यातच आहे. आरंभी त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन केले आहे. घरावर कोसळलेल्या एका आघातानंतर हे वेड इतके वाढले की बाजारातून आलेला जिन्नसही धुऊन घ्यावा लागे, आणि त्याचा सारा भार त्यांच्या आईवर व लेकरांवर पडला. मनाने बिघडलेल्या जोडीदाराच्या तंत्राने स्वयंपाकघर चालवणारी ती आई आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात. पण त्या विनोदाने वडिलांची मानहानी होत नाही आणि आईचे हालही झाकले जात नाहीत. हा तोल साधणे फार कठीण. हानेके यांच्याजवळ सत्य आहे पण हसू नाही. ‘अस्तु’जवळ माया आहे पण रोजच्या घरकामाचा हिशेब नाही. लक्ष्मीबाईंजवळ दोन्ही होते.

याच जिल्ह्यात लेखणीबाहेरचे एक उदाहरणही आहे. शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने 1998 साली ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ सुरू केले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांना तेथे आसरा मिळतो. या कार्याचा आरंभ औषधाने झाला नाही. घरचे अन्न शिजवून ते रस्त्यावरील माणसांपर्यंत नेण्यापासून झाला. मन हरवलेल्या माणसाकडे जाण्याची पहिली वाट ताटातून जाते, हे त्या दोघांनी ओळखले.

तरीही एक वेळ अशी येते की प्रेमाने पुढे केलेला घासही आत जात नाही. तेव्हा डॉक्टर नळीचा विषय काढतात आणि घरात वाद पेटतो. येथे आपल्या वाचकांना स्पष्ट बोललेले हवे असते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 20 मार्च 2004 रोजी सांगितले की अन्न व पाणी ही रुग्णाची मूलभूत सेवा आहे. तो भान हरपून पडला म्हणून ती थांबवता येत नाही. श्रद्धासिद्धान्त मंडळाने 2007 मध्ये हेच अधिक नेमकेपणाने मांडले व त्याबरोबर मर्यादाही सांगितली: शरीर अन्न पचवू वा सामावून घेऊ शकत नसेल, किंवा तो उपायच रुग्णाला अतिशय जाचक होत असेल, तर तो बंधनकारक राहात नाही. ही वचने भान हरपून वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या रुग्णांविषयी होती. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्याविषयी अमेरिकेतील वृद्धवैद्यकांच्या संघटनेने 2014 साली असे मत दिले की नळीने आयुष्य वाढत नाही, फुफ्फुसात अन्न जाण्याचा धोका टळत नाही, आणि सावकाश हाताने भरवणे हे निदान तितकेच हिताचे ठरते. तेव्हा डॉक्टरांशी व आपल्या धर्मगुरूंशी बोलून, त्या रुग्णाची अवस्था पाहून निर्णय घ्यावा. हाताने भरवणे निवडणारी पत्नी नवऱ्याला उपाशी मारीत नाही. आणि नळी निवडणारा पती श्रद्धेत उणा ठरत नाही. खुद्द जॉन पॉल यांना मृत्यूच्या तीन दिवस आधी, 30 मार्च 2005 रोजी, नाकातून नळी घालण्यात आली होती.

साहित्याचे काम वैद्यकाचे नाही, धर्मशिक्षणाचेही नाही. ज्या गोष्टीला समाजात नाव नाही तिला नाव देणे, हे त्याचे काम आहे. नवरा रोज थोडा थोडा हलका होत असताना त्याच्यापाशी बसणाऱ्या स्त्रीच्या मनात अपराध, राग, किळस, दया आणि तरुणपणीची आठवण ही सारी एकाच घासाभोवती गोळा होतात. तिला वाटते, हे फक्त माझ्याच मनात येते. मन्रो वाचून ग्रँटच्या गावच्या स्त्रीला कळते की तसे नाही. श्रीरामपूरच्या वा संगमनेरच्या स्त्रीला कळण्यासाठी मात्र तिच्या भाषेत अजून कोणी लिहिलेले नाही. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून कशी भरवावी, मान सरळ कशी धरावी, घास गिळला की नाही हे गळ्याकडे पाहून कसे ओळखावे, हे ज्ञान आपल्या घरांत आहे. ते लिहिले गेले तर ते माहितीपत्रक होणार नाही. ती कथा होईल.

नव्या लेखकांना आमची सूचना आहे की त्यांनी नावाचा प्रसंग जरा बाजूला ठेवावा व ताटाचा प्रसंग लिहावा. आणि वाचकांना विनंती आहे. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांसाठी प्रसाद घेऊन जो घरी जातो, त्याला ठाऊक असते की गिळता न येणाऱ्यास ख्रिस्तशरीराचा अगदी लहानसा कण देता येतो, आणि तोही न जमल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रसाद देण्याची चर्चची अनुज्ञा आहे. जेथे इतक्या बारकाईने एका कणाचा विचार होतो, तेथे भरवणाऱ्याच्या जेवणाचाही व्हावा. त्या घरी गेल्यावर ‘किती वाळलेत हो’ असे म्हणू नये. अर्धा तास आपण भरवायला बसावे, आणि तिला तिची भाकरी गरम असताना खाऊ द्यावी.